वाचकांचे प्रश्न: रीफ टाकीत छोटा रॅस ठेवावा का?

प्रश्न (एक वाचक, भुसावळ): माझ्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी, एक फेदर डस्टर कृमी आणि झोअँथस व मशरूम या प्रकारचे मऊ प्रवाळ आहेत. अलीकडे लाइव्ह रॉकवर (सूक्ष्म जीव वसलेल्या खडकावर) गंजाच्या रंगाचे बारीक चपटे कृमी दिसू लागले आहेत. दुकानदाराने सिक्सलाइन रॅस घेण्याचा सल्ला दिला आणि तो रीफ टाकीला पूर्णपणे सुरक्षित असल्याचे सांगितले. माझ्या मित्राचे म्हणणे मात्र असे की, तो मासा टाकीत इतर कोणालाही सुखाने राहू देत नाही. खरे काय मानावे?

उत्तर: आपला दुकानदार आणि आपला मित्र परस्परविरोधी बोलत आहेत असे वाटले, तरी दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे जीव आहेत. दुकानदार प्रवाळांविषयी बोलतो आहे आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. मित्र टाकीतल्या इतर माशांविषयी बोलतो आहे आणि त्याचाही अनुभव खोटा नाही. म्हणून हा मासा सुरक्षित आहे का, असे विचारण्यापूर्वी तो कोणासाठी सुरक्षित असायला हवा, हे आधी ठरवावे लागते. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी, कृमी, शेजारचे मासे आणि स्वतः रॅस, या प्रत्येकासाठी उत्तर निराळे येते.

रॅस हे लॅब्रिडी कुळातले मासे असून या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. दोन मीटरपर्यंत वाढणारा हंपहेड रॅस याच कुळातला आणि करंगळीएवढा पॉसम रॅसही याच कुळातला, त्यामुळे सर्व रॅसबद्दल एकच विधान करणे शक्य नाही. प्रवाळांपुरते बोलायचे तर लहान जातींपैकी बहुतेक जाती सूक्ष्म कवचधारी प्राणी, बारीक कृमी आणि पाण्यात तरंगणारे प्लवक यांवर जगतात आणि प्रवाळाला तोंड लावत नाहीत. ट्यूबलिप रॅस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही जाती मात्र प्रवाळाचा चिकट स्राव आणि प्रत्यक्ष पॉलिपही (प्रवाळाचे इवले जिवंत जीव) खातात, त्यामुळे त्या रीफ टाकीत आणूच नयेत. त्यांच्याइतके अन्न टाकीतल्या प्रवाळांवर कधीच तयार होत नाही, म्हणजे आधी प्रवाळ खंगतो आणि मग मासाही.

आता सिक्सलाइनकडे येतो. जांभळट निळ्या अंगावर सहा नारिंगी पट्टे असलेला हा मासा साधारण आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तांबड्या समुद्रापासून मध्य प्रशांत महासागरापर्यंत तो प्रवाळांच्या फांद्यांमध्ये वावरताना आढळतो. दिवसभर खडकाच्या फटी धुंडाळून बारीक कृमी, छोटे ब्रिसलवर्म (अंगावर राठ केस असलेले कृमी) आणि टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायींच्या शिंपल्यांवर जगणाऱ्या पिरॅमिडेलिड नावाच्या परजीवी गोगलगायी टिपणे, हा त्याचा व्यवसाय. याच कारणाने त्याला टाकीतला रखवालदार समजून विकत घेतले जाते. पण चपटे कृमी प्रत्येक सिक्सलाइन खातोच असे नाही. एक मासा आठवड्याभरात खडक स्वच्छ करतो, तर त्याच जातीचा दुसरा मासा त्या कृमींकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण त्याला वरून मिळणारे गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव) अधिक आवडते. हा गुण जातीपेक्षा त्या त्या माशावर अवलंबून असतो आणि दुकानात उभे राहून तो ओळखता येत नाही.

स्वभावाची अडचण याहून मोठी आहे. सिक्सलाइन लहान असताना लाजाळू असतो, काही महिन्यांत टाकी आपली मानू लागतो आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक लहान, सौम्य माशाला हुसकावू लागतो. फायरफिश आणि छोटे गोबी हे सौम्य मासे आणि दुसऱ्या जातीचे छोटे रॅस यांना तो कोपऱ्यात इतके कोंडतो की ते खाणे सोडतात, आणि त्यांच्या शेपटीच्या कडा कुरतडलेल्या दिसू लागतात. एकदा खडकांमध्ये स्थिरावलेला सिक्सलाइन पकडून बाहेर काढायचा म्हणजे सगळी रचना उचकटावी लागते. आपल्या मित्राने बहुधा हेच पाहिले असावे.

आपल्या टाकीपुरता माझा सल्ला असा. टाकीच्या मापांवरून तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. खडक आणि वाळू वजा केल्यावर १६० लिटरच्या आसपास उरते. क्लाउनफिश स्वतःची जागा राखून असतात आणि सिक्सलाइनला सहसा घाबरत नाहीत. या टाकीत आणखी एकही मासा आणायचा नाही, असे आपण मनापासून ठरवले असेल, तर शेवटचा मासा म्हणून सिक्सलाइन आणण्यास माझी हरकत नाही. पुढे गोबी, फायरफिश किंवा आणखी एखादा रॅस आणण्याचा विचार असेल तर सिक्सलाइन आणू नका. त्याऐवजी पॉसम रॅस किंवा पिंक स्ट्रीक्ड रॅस पाहा. हे दोन्ही पाच ते आठ सेंटिमीटरच्या आत राहतात, कोणाच्या वाटेला जात नाहीत आणि एवढ्या टाकीत आयुष्य काढू शकतात. ते बुजरे असल्यामुळे पहिले काही आठवडे फारसे दिसणार नाहीत, एवढी तयारी ठेवावी लागते.

चपट्या कृमींसाठी मात्र मासा आणू नये, असे मी स्पष्टच सांगेन. बारीक नळीने ते रोज ओढून काढा, खाद्य कमी करा आणि पाण्याचा प्रवाह वाढवा. हे काम हातानेच आणि हळूहळू करण्याचे कारण असे की, हे कृमी एकाच वेळी मोठ्या संख्येने मेले तर त्यांच्या शरीरातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याने मासेही दगावू शकतात. मासा आपल्याला हवा म्हणून आणावा. औषध म्हणून आणलेला मासा ते काम करेनासा झाला की त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि बाजारातले बहुतेक रॅस समुद्रातून पकडून आणलेले असतात, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

क्लीनर कोळंबीबाबत एक सावधगिरी. पूर्ण वाढलेल्या क्लीनर कोळंबीला सिक्सलाइनपासून सहसा धोका नसतो, मात्र कात टाकल्यानंतरचे काही तास तिचे अंग मऊ असते. तेव्हा लपायला खडकात खोल फट असावी. सेक्सी श्रिम्पसारख्या अगदी लहान कोळंब्या मात्र यलो कोरिस आणि मेलॅन्युरस यांसारख्या हॅलिकोएरिस वंशातल्या रॅसच्या टाकीत टिकत नाहीत. हेच मासे फेदर डस्टरच्या पिसाऱ्याला आणि बारीक गोगलगायींनाही टोचतात. फेअरी आणि फ्लॅशर रॅस यांचा प्रश्न याच्या उलट आहे. ते पाण्याच्या मधल्या थरात तरंगते प्लवक टिपतात. कोळंबी, गोगलगाय, कृमी किंवा प्रवाळ यांपैकी कोणाशीच त्यांना देणेघेणे नसते. निव्वळ निरुपद्रवीपणा पाहायचा तर छोट्या रॅसमध्ये मी या दोन वंशांना पहिला क्रमांक देईन. कार्पेंटर्स फ्लॅशरसारखी आठ सेंटिमीटरपर्यंतची जात आपल्या टाकीतही राहू शकते. दहा-बारा सेंटिमीटर वाढणाऱ्या फेअरी रॅसला मात्र चार फुटांची टाकी असावी.

इथवरचे उत्तर कोणत्याही गावच्या वाचकाला लागू पडते. भुसावळच्या वाचकाला त्यापुढचे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण खानदेशात रॅसमुळे टाकीचे जितके नुकसान होते त्याहून अधिक वेळा टाकीमुळे रॅसचा जीव जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रीफ टाकीचे पाणी २४ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवायचे असते. पाणी गार करणारे चिलर हे यंत्र महाग असल्यामुळे बहुतेक जण काचेचे झाकण काढून ठेवतात आणि पाण्यावर पंखा लावतात. उपाय शास्त्रशुद्ध आहे. आपल्या टाकीतून एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर तिच्याबरोबर निघून जाणारी उष्णता १६० लिटर पाणी साडेतीन अंशांहून थोडे अधिक गार करण्याइतकी असते. हवा कोरडी असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे हा उपाय कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा जोर ओसरतो. त्याच खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असेल तर खोली गार होते, पण हवेतला ओलावा वाढल्यामुळे पंख्याने होणारे बाष्पीभवन कमी होते. तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवावी.

पण झाकण काढले की रॅस उडी मारतो. दिवा अचानक बंद झाला, कोणी टाकीजवळून झपकन गेले, दुसऱ्या माशाने पाठलाग केला, किंवा भारनियमनात वीज जाऊन परत आली, एवढे निमित्त पुरते. फेअरी आणि फ्लॅशर रॅस यांत सर्वांत पुढे आहेत. इतर वेळी अत्यंत गरीब असलेले हे मासे सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण हे मरण टाळणे अगदी सोपे आहे. खिडकीच्या जाळीसाठी वापरतात तशी ॲल्युमिनियमची हलकी चौकट टाकीच्या मापाने करून घ्यावी आणि तिच्यात पाच-सहा मिलिमीटर छिद्रांची पारदर्शक नायलॉनची जाळी ताणून बसवावी. वाफ जाते, उजेड आत येतो आणि मासा बाहेर पडत नाही. लोखंडी जाळी वापरू नये, कारण खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी ती गंजून तिचे कण टाकीत पडतात. डासांची बारीक जाळीही नको, कारण ती उजेड आणि वाफ दोन्ही अडवते. पंप, नळ्या आणि वायर यांच्यासाठी ठेवलेल्या खाचाही बुजवाव्यात, कारण रॅस नेमका त्याच फटीतून निघतो.

पंख्यामुळे आणखी एक काम वाढते. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहते. आपल्या टाकीतून दिवसाला चार लिटर पाणी उडाले आणि दोन दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर ३५ भाग प्रति हजार असलेली क्षारता ३७ च्या जवळ जाते. ही भर गोड्या पाण्यानेच करायची, खाऱ्या पाण्याने नव्हे, आणि तीही एकदम न करता थोडी थोडी. बोअरचे पाणी त्यासाठी वापरू नये. आपल्याकडच्या काळ्या कातळातले पाणी जड असते, शिवाय केळी आणि कापसाच्या पट्ट्यात त्यात खतांमधले नायट्रेटही उतरलेले असू शकते. आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारी गाळणी) लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याजवळ आणलेले पाणी वापरावे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी तापलेले असते. ते आरओला जोडण्यापूर्वी थंड होऊ द्यावे.

वीज जाणे हा उन्हाळ्यातला दुसरा शत्रू. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि रॅस हे दिवसभर हिंडणारे मासे असल्यामुळे त्यांना त्याची गरज अधिक असते. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप टाकीजवळ कायम तयार ठेवावा.

प्रवाळांविषयी एक गोष्ट आपण विचारली नसली तरी सांगणे भाग आहे. आपल्याकडे मऊ प्रवाळ आहेत, तेवढेच राहू द्यावेत. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे, दुकानदार कितीही सहजपणे देऊ करत असला तरी.

प्रश्न (एक वाचक, धुळे): मुंबईहून यलो कोरिस रॅस मागवला. पिशवीतले पाणी हळूहळू जुळवून सायंकाळी टाकीत सोडला आणि दहा मिनिटांत तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशीही दिसला नाही. खडक उचलून पाहावे का?

उत्तर: कृपा करून काहीही उचलू नका. यलो कोरिस, मेलॅन्युरस आणि लेपर्ड रॅस हे मासे झोपण्यासाठी आणि घाबरल्यावर लपण्यासाठी वाळूत शिरतात. पकडला जाणे, परदेशातून मुंबईपर्यंतचा प्रवास आणि मग रात्रभराचा पुढचा प्रवास, एवढे सोसून आलेला मासा प्रथम वाळूच शोधतो. यलो कोरिस सहसा एक-दोन दिवसांत वर येतो. लेपर्ड रॅस कधी कधी आठवडाभरही वर येत नाही. शिवाय त्याचे दिवस-रात्रीचे घड्याळ अजून मूळ ठिकाणाचे असू शकते, त्यामुळे तो भलत्याच वेळी बाहेर येऊन पुन्हा आत जातो आणि आपल्याला दिसत नाही. वाळू उकरली तर त्याच्या अंगाला इजा होते आणि भीती नव्याने सुरू होते. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) वाळूवर रोखलेला नसावा, दिवे मंद ठेवावेत, आणि दुपारी थोडे मायसिस किंवा सायक्लॉप्स (तेही इवल्या कवचधारी जीवांचे खाद्य) प्रवाहात सोडून त्याचा वास वाळूपर्यंत जाऊ द्यावा.

वाळू कोणती आहे, हे आपण लिहिलेले नाही आणि माझ्या दृष्टीने तोच मुख्य मुद्दा आहे. या माशांना साखरेच्या दाण्याएवढी बारीक, गोलसर कडांची ॲरागोनाइट (चुनखडीयुक्त) वाळू किमान पाच सेंटिमीटर जाडीची लागते. आपल्याकडे पांझरा, गिरणा, तापी या नद्यांची वाळू सहज आणि स्वस्त मिळते, आणि गोड्या पाण्याच्या टाकीत ती धुऊन वापरणारे अनेक जण आहेत. रॅससाठी मात्र ती वापरू नये. काळ्या दगडाचे तिचे कण जाडे आणि धारदार असतात, आणि रोज त्यात घुसणाऱ्या माशाचे तोंड व खवले खरचटून जखमांना जंतुसंसर्ग होतो. काही जण वाळूच न घालता उघड्या तळाची टाकी ठेवतात; अशा टाकीत वाळूत शिरणारा रॅस आणणे योग्य नाही. फेअरी, फ्लॅशर, सिक्सलाइन आणि पॉसम हे वाळूत शिरत नाहीत. ते रात्री खडकाच्या फटीत अंगाभोवती पारदर्शक चिकट वेष्टन तयार करून, जणू मच्छरदाणी लावून झोपतात. पहाटे टाकीत तरंगताना दिसणारा जेलीसारखा तुकडा बहुधा त्याच वेष्टनाचा असतो, त्याने घाबरून पाणी बदलण्याची गरज नाही.

पुढच्या वेळी मासा आणाल तेव्हा त्याला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, आणि त्या टाकीत वाळूने भरलेला प्लास्टिकचा एक पसरट डबा जरूर ठेवा. उघड्या काचेवर अशा माशाला झोप लागत नाही आणि तो तळाशी अंग घासत राहतो. परजीवींवरचे तांब्याचे औषध द्यायचे असेल तर त्या डब्यात ॲरागोनाइट चालत नाही, कारण ती तांबे शोषून घेते आणि औषधाची मात्रा बिघडते. तेवढ्या काळापुरती बारीक सिलिका वाळू घ्यावी. लेपर्ड रॅसला तांबे देण्याचे शक्य तितके टाळावे. तो मासाच मुळात नवख्या हातांचा नाही. त्याला सुरुवातीला जिवंत कोपेपॉडशिवाय (सूक्ष्म कवचधारी जीवांशिवाय) फारसे काही समजत नाही, आणि वर्षभर मुरलेल्या, खडकांत भरपूर सूक्ष्म जीव असलेल्या टाकीतच तो तग धरतो.

प्रश्न (एक वाचक भगिनी, शहादा): आमच्या टाकीतल्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आहेत. क्लीनर रॅस आणला तर तो हे ठिपके खाऊन मासे बरे करतो, असे ऐकले. तोही छोटाच मासा आहे, आणावा का?

उत्तर: नाही, आणू नये. पांढरे ठिपके ज्या क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे येतात, तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली दडलेला असतो, आणि वरून टिपणाऱ्या क्लीनर रॅसला तो काढता येत नाही. प्रवाळांना किंवा कोळंबीला त्याच्यापासून धोका नाही, हे खरे आहे, पण टाकीत त्याचे स्वतःचे हाल होतात. त्याचे नैसर्गिक अन्न म्हणजे माशांच्या अंगावरचे नॅथिड नावाचे रक्तपिपासू कवचधारी. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या अभ्यासात एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी १२०० परजीवी खातो, असे आढळले. घरच्या टाकीतले चार-सहा मासे त्याला एवढे अन्न कुठून देणार? भुकेला क्लीनर मग निरोगी माशांच्या अंगावरचा चिकट थर आणि खवले टोचू लागतो, मासे त्रासतात आणि तो स्वतः बहुधा खंगून मरतो. समुद्रात एका ठिकाणी बसून असंख्य माशांची सेवा करणारा हा जीव तिथून उचलला की त्या प्रवाळखडकावरच्या माशांचेही नुकसान होते. म्हणून हा मासा कोणत्याही घरगुती टाकीसाठी विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या माशांना वेगळ्या टाकीत हलवून तिथेच तांब्याचा उपचार करावा. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी तांब्याने मरतात, त्यामुळे मुख्य टाकीत ते औषध एक थेंबही घालू नये. मुख्य टाकी दीड ते अडीच महिने माशांविना ठेवली की ज्यावर जगायचे तो मासा न मिळाल्यामुळे परजीवीची साखळी तुटते.

प्रश्न (एक वाचक, चाळीसगाव): दोन छोटे रॅस एकत्र ठेवता येतील का? दुकानात लालभडक अंगावर पांढरे ठिपके असलेला एक फार सुंदर रॅस पाहिला, तो घ्यावा का?

उत्तर: वेगवेगळ्या वंशांचे आणि वेगळ्या ठेवणीचे दोन रॅस, उदाहरणार्थ एक फ्लॅशर आणि एक यलो कोरिस, चार फुटांच्या टाकीत सहसा जमवून घेतात, शक्य असेल तर दोघांना एकाच दिवशी सोडावे, नाही तर सौम्य मासा आधी आणि तापट मासा शेवटी. एकाच जातीचे दोन नर ठेवू नयेत. रॅसमध्ये मादीचा पुढे नर होतो, त्यामुळे एकाच जातीची जोडी हवी असेल तर एक मोठा रंगीत नर आणि एक लहान, फिकट मादी निवडावी.

दुकानात पाहिलेला लाल मासा हा वर्णनावरून कोरिस गेमार्ड या जातीचे पिल्लू दिसतो. आज तो बोटाएवढा आहे, पण ती जात ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते, रंग पूर्ण बदलते, खडक उलथते आणि गोगलगायी, खेकडे व कोळंबी फोडून खाते. तो घेऊ नका, आणि शक्य असल्यास दुकानदारालाही त्याची पूर्ण वाढ किती होते ते सांगा, म्हणजे पुढच्या ग्राहकाला तो लहान मासा म्हणून विकला जाणार नाही.